भूगर्भांतील वाफ आणि तिचें झांकण

इटलींत लार्देरेल्लो येथें १९०४ सालीं पिएरो जिनोरी कोंती यांनीं भूगर्भांतील वाफेवर यंत्र चालवून पांच दिवे उजळले. उष्णता तर पृथ्वीच्या पोटांत सर्वत्रच आहे. मग अशी वीज सर्वत्र कां निघत नाहीं? लार्देरेल्लोच्या खालीं ग्रॅनाइट अद्याप तप्त आहे, त्यावरील भेगाळ खडकांत वाफ सांठते, आणि सर्वांवर चिकणमातीच्या अभेद्य थरांचें झांकण आहे. माझ्या मतें खरी किंमत या झांकणाची! तें नसतें, तर वाफ केव्हांच उडून गेली असती. मात्र पाऊस मुरतो त्याहून अधिक वेगानें वाफ उपसल्यास दाब घटतो. म्हणून वापरलेलें पाणी तेथें पुनः जमिनींत सोडतात. आपल्या कोंकणांत उन्हवरे येथील झरे सुमारें ७० अंश उष्ण आहेत. पण त्यांच्याखालीं ज्वालामुखी नाहीं, भेगांतून खोल उतरून तापलेलें पावसाचेंच पाणी वर येतें.