कोंबडीचे पिवळे पाय



बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून निघालेला तुरीचा 'बी. डी. एन. ७११' हा वाण आपल्या भागातल्या पुष्कळ शेतकऱ्यांना ठाऊक आहे. वाण म्हटला की तो कुठला, हे आपण आधी विचारतो. पण दारातला उकिरडा उकरणारी कोंबडी मुळात कुठली, हे सहसा कुणी विचारीत नाही.

साऱ्या पाळीव कोंबड्यांचा मूळपुरुष एकच, तांबडा रानकोंबडा, असे चार्ल्स डार्विनने १८६८ साली लिहिले. २०२० साली आठशेहून अधिक पक्ष्यांची जनुके तपासली गेली. (जनुक म्हणजे आईबापांकडून पिलात उतरणारा गुणाचा अंश.) तेव्हा नैर्ऋत्य चीन, म्यानमार आणि उत्तर थायलंड या मुलखातला तांबडा रानकोंबडा सर्वांत जवळचा नातलग ठरला. थायलंडात बान नोन वाट येथे पाळीव कोंबडीची हाडे सापडली आहेत. ती इसवी सनापूर्वी १६५० ते १२५० या काळातली. भाताच्या शेतातले दाणे टिपायला हा पक्षी वस्तीजवळ आला आणि मग राहिलाच, असे संशोधक मानतात. म्हणजे पाहा, पहिले पाऊल बहुधा त्यानेच टाकले!

पण डार्विनचे म्हणणे पुरते खरे नव्हते. पिवळ्या पायांचे जनुक तांबड्या रानकोंबड्याचे नाही, करड्या रानकोंबड्याचे आहे, असे २००८ साली स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले. हा करडा रानकोंबडा आपल्या सह्याद्रीतला. मक्यातून किंवा हिरव्या पाल्यातून पोटात गेलेला पिवळा रंग एरवी कातडीत मोडला जातो; हे जनुक असले की तो तिथेच साठतो. जगभरच्या लेगहॉर्न कोंबड्या हीच ठेव पायांवर मिरवतात. आपल्याला मात्र तिचा पत्ता नसतो.

गुरुजींनी मुलांना एक काम जरूर द्यावे. गावातल्या कोंबड्यांचे पाय पाहून वही भरावी. काळसर पाय वेगळे मांडावेत, तो रंग निराळा. पिवळेपणा दिसायला हे जनुक आई व बाप दोघांकडूनही यावे लागते. म्हणून पांढुरक्या पायांच्या जोडीपोटी पिवळ्या पायांचे पिलू निघाले, तर नवल नाही.

बदनापूरच्या उघड्या काळ्या रानात करडा रानकोंबडा नाही. पण सह्याद्रीच्या कडेला राहणारे आपले सोयरेधायरे असतील, त्यांना इतके सांगा. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, शिवाय नवा वाण काढणाऱ्याला रानातल्या भाऊबंदांकडे पुन्हापुन्हा जावे लागते. रानकोंबडा फासात धरला, तर एका वेळच्या कालवणापायी ते बियाणे जाते.