खर्जातले हात



पन्नाशी उलटल्यावर आम्ही चार जाड तारांची बास गिटार पुन्हा हाती घेतली आहे. जॅझच्या वळणाचा फंक शिकतो आहोत. पहिल्या ठोक्यावर ठाम उभे राहायचे आणि मग ठोक्यांच्या अधेमधे बोलायचे, ही त्याची रीत. यातले आमचे गुरू डेट्रॉइटचे जेम्स जेमरसन. जॅझमध्ये मुरलेल्या या वादकाने उजव्या हाताच्या एका तर्जनीवर मोटाऊन कंपनीची कितीतरी गाणी तोलली. पण तबकडीवर नाव गायकाचे, वादकांचे नसे. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर ते छापले गेले. नाव हादेखील मजुरीचाच भाग आहे. यापुढे गाणे ऐकाल तेव्हा खर्जाकडे कान द्या आणि विचारा, हा हात कोणाचा?