घरच्या पेटीत पिले काढताना

(दिघोरी, जि. भंडारा येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे दिलेले भाषण)



घरच्या पेटीत अंडी उबवण्याचा माझा पहिला प्रयत्न साफ फसला, हे आरंभीच सांगून टाकते. तीस अंड्यांतून एकही पिलू निघाले नाही. त्यांतील बरीच अंडी शेजारच्या घरांतून निम्म्या वाट्याच्या बोलीवर आणलेली होती. त्यामुळे ही फजिती माझ्या एकटीची राहिली नाही.

पेटी हवीच कशाला, असे कोणी विचारील. आपली गावठी कोंबडी वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी देते. बारा-पंधरा अंडी घातली की ती खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते आणि पुढे दीड-दोन महिने पिलांमागे हिंडते. एवढ्या काळात तिचे अंडे मिळत नाही. बसण्याचे काम पेटीने पत्करले, तर ती लवकर पुन्हा अंड्यावर येते.

माझी चूक महिना निवडण्यात झाली. उन्हाळ्यात ऊब आयतीच मिळेल, असा भाबडा हिशेब करून मी मे महिन्यात अंडी ठेवली. अंड्यास सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. ती कमी पडली की पेटीतील नियंत्रक दिवा लावतो आणि पुरेशी झाली की विझवतो. परंतु खोलीच बेचाळीस अंशांवर गेली, तर आतली हवा निववण्याचे साधन त्या पेटीत नाही. दिवा विझलेला, आणि आत बीज मरत होते. भंडाऱ्याचा मे कसा असतो, हे आपणांस सांगावयास नको. शिवाय गोळा केलेली अंडी दहा दिवस ओसरीवरच्या टोपलीत पडून होती. अशा उकाड्यात बीज अर्धवट वाढू लागते व दुबळे होते, हे मला मागाहून कळले.

दुसरी खेप दिवाळीनंतर ठेवली. चोवीसच अंडी, तीही आठवड्याच्या आतली. त्याआधी पेटीतला तापमापक आणि तापाचा तापमापक कोमट पाण्यात शेजारी शेजारी धरून पाहिले, तर पेटीतला एक अंश कमी दाखवीत होता! इजिप्तमध्ये मातीच्या भट्ट्यांत हजारो अंडी उबवणारे कारागीर अंडे पापणीला लावून उष्णता ओळखीत. आपल्याला तेवढा सराव नाही. निदान साधन तरी खरे असावे.

अंड्यांच्या एका बाजूस पेन्सिलीने फुली काढून ती दिवसातून चार वेळा उलटवीत असे. सातव्या रात्री विजेरीच्या उजेडात पाहिले, तेव्हा चार अंडी कोरी निघाली. अकराव्या रात्री वीज गेली. झाकण न उघडता पेटीवर गोधडी घातली आणि बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या लावल्या. कोंबडीही दाणापाण्यासाठी रोज काही मिनिटे उठतेच. थोडा वेळ ऊब कमी झाल्याने बीज मरत नाही, जास्त उष्णतेने मात्र लवकर मरते. अठराव्या दिवशी उलटवणे थांबवून पेटीत पाण्याची पसरट भांडी वाढविली.

विसाव्या दिवशी पहिल्या कवचाला तडा गेला. त्यानंतरचे तास फार कठीण. एक पिलू चोच बाहेर काढून दहा तास तसेच राहिले. मला राहवले नाही, मी नखाने कवच सोलले. आतल्या रक्तवाहिन्या अजून सुकल्या नव्हत्या. पिलू रक्ताळून माझ्या हातावर गेले. उरलेल्यांतून हात न लावता पंधरा पिले निघाली. चार मात्र आतच मेली होती.

पिलाच्या पोटात बलक शोषलेला असतो. त्यामुळे पहिला दिवस दाण्याची घाई नको. धानाचे तूस पसरून, दिव्याखाली कोरड्या उबेत त्यांना ठेवावे. खरी अडचण पुढे आहे. सातव्या दिवसाच्या सुमारास मानमोडीची पहिली लस द्यावी लागते. एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक पिलांची मात्रा असते, आणि कालवलेली लस काही तासांतच वाया जाते. पंधरा पिलांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून पंचायत सदस्यांना माझी विनंती आहे की, गावात ज्यांच्याकडे पेट्या आहेत त्यांचा अंडी ठेवण्याचा दिवस एकच ठरवावा आणि तो पशुवैद्यकीय दवाखान्यास आधी कळवावा. आमच्या गल्लीत चार घरांचे तसे ठरले आहे. निम्म्या वाट्याची अंडी ज्यांनी मला दिली होती, ती घरे त्यांत पहिली आहेत.