सहावी लोकसभा : एक सभागृह, दोन सरकारे

(शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



लोकसभेची मुदत पाच वर्षांची असते आणि ज्या पक्षाचे बहुमत असेल त्याचे सरकार होते, ही दोन वाक्ये शाळेतील प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतात. दोन्ही खरी आहेत. परंतु अपुरी आहेत. पाच वर्षे ही मुदतीची कमाल मर्यादा आहे. त्यापूर्वीही सभागृह विसर्जित होऊ शकते. तसेच निकालाच्या दिवशी मोजलेले बहुमत पुढे टिकून आहे की नाही, हे सभागृहात पुन्हा पुन्हा सिद्ध करावे लागते. या दोन्ही गोष्टी नीट समजण्यास १९७७ साली निवडून आलेल्या सहाव्या लोकसभेचा इतिहास फार उपयोगी पडतो.

सभागृहाची रचना

आणीबाणी २५ जून १९७५ रोजी जाहीर झाली होती. त्या काळात पाचव्या लोकसभेची मुदत दोनदा वाढविण्यात आली. अखेर १८ जानेवारी १९७७ रोजी ती लोकसभा विसर्जित झाली आणि मार्चमध्ये निवडणुका झाल्या. ५४२ जागांसाठी मतदान झाले. बहुमतासाठी किमान २७२ सदस्य हवे होते.

संघटना काँग्रेस, भारतीय जनसंघ, भारतीय लोकदल व समाजवादी पक्ष यांनी एकत्र येऊन जनता पक्ष म्हणून निवडणूक लढविली. पक्षाची नोंदणी झालेली नसल्यामुळे बहुतेक उमेदवारांनी लोकदलाचे नांगरधारी शेतकऱ्याचे चिन्ह घेतले. म्हणूनच निवडणूक आयोगाच्या निकालपत्रकात या पक्षाच्या २९५ जागा भारतीय लोकदलाच्या नावावर दिसतात. काँग्रेसला १५४ आणि मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाला २२ जागा मिळाल्या. महाराष्ट्रातून शेतकरी कामगार पक्षाचे ५ सदस्य निवडून आले. सभागृहात स्त्री-सदस्य अवघ्या १९ होत्या.

या आकड्यांमागे देशाचे दोन निरनिराळे कौल होते. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही. स्वतः पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी रायबरेलीत पराभूत झाल्या. याउलट आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा काँग्रेसने जिंकल्या. आंध्रातून जनता पक्षाचे एकटे नीलम संजीव रेड्डी निवडून आले. ते प्रथम लोकसभेचे अध्यक्ष आणि चार महिन्यांच्या आत राष्ट्रपती झाले. त्यांच्या जागी के. एस. हेगडे अध्यक्षपदी आले.

मराठी भाषिकांच्या वस्तीच्या केंद्रांनीही एकच कौल दिला नाही. ग्वाल्हेरने जनता पक्षाचे नारायण कृष्ण शेजवलकर यांना, शेजारच्या गुणा मतदारसंघाने अपक्ष माधवराव शिंदे यांना, तर बडोद्याने काँग्रेसचे फत्तेसिंहराव गायकवाड यांना निवडले. गोवा, दमण व दीव या तत्कालीन केंद्रशासित प्रदेशाला दोन जागा होत्या. पणजीतून महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे अमृत कांसार आणि मुरगावातून काँग्रेसचे एदुआर्द फालेरो निवडून आले. पुढे ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाल्यावर गोव्याच्या दोन जागा कायम राहिल्या, दमण व दीवला स्वतंत्र जागा मिळाली आणि लोकसभेच्या निर्वाचित जागा ५४३ झाल्या.

पहिले सरकार आणि त्याचे कार्य

नेतानिवडीचे काम जयप्रकाश नारायण व आचार्य कृपलानी यांच्याकडे सोपविण्यात आले. २४ मार्च १९७७ रोजी मोरारजी देसाई यांचा शपथविधी झाला. शपथ देणारे कार्यवाहक राष्ट्रपती बी. डी. जत्ती हे मूळचे जमखंडी संस्थानातले. कोकणातील राजापूरचे प्रतिनिधी मधु दंडवते यांच्याकडे रेल्वे, तर पुण्याचे मोहन धारिया यांच्याकडे वाणिज्य खाते आले. चरणसिंग गृहमंत्री व जगजीवनराम संरक्षणमंत्री झाले.

विरोधी पक्षनेतेपद यशवंतराव चव्हाण यांच्याकडे आले. या पदाला वेतन व सुविधांसह कायद्याची मान्यता देणारा अधिनियम याच लोकसभेने १९७७ मध्ये संमत केला. सरकारला प्रश्न विचारणारा नेताही राज्यव्यवस्थेचा घटक आहे, हे तत्त्व त्यामुळे कायद्यात आले.

या सभागृहाचे सर्वांत टिकाऊ कार्य म्हणजे १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती होय. ४२ व्या दुरुस्तीने लोकसभेची मुदत सहा वर्षे केली होती, ती पुन्हा पाच वर्षे झाली. ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे कारण वगळून त्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले. आणीबाणी जाहीर करण्यापूर्वी मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला. जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याच्या संरक्षणासाठी न्यायालयात जाण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. राज्यसभेत जनता पक्षाचे बहुमत नव्हते. तेथे विधेयकातील काही कलमे नामंजूर झाली. उरलेले विधेयक लोकसभेने स्वीकारले. परस्परांशी भांडणाऱ्या पक्षांनी मिळून केलेले हे काम आजही घटनेत उभे आहे.

बहुमत कसे विरघळले

पक्ष विलीन झाले. मने विलीन झाली नाहीत. १९७८ च्या मध्यास चरणसिंग मंत्रिमंडळातून बाहेर पडले आणि जानेवारी १९७९ मध्ये अर्थमंत्री व उपपंतप्रधान म्हणून परत आले. जगजीवनराम यांनाही तेच उपपंतप्रधानपद मिळाले. पूर्वाश्रमीच्या जनसंघ सदस्यांच्या दुहेरी सदस्यत्वाचा वाद वाढत गेला. विरोधी बाजूसही फूट पडली. जानेवारी १९७८ मध्ये काँग्रेस दुभंगली आणि विरोधी पक्षनेतेपद इंदिरा काँग्रेसचे सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेले. त्याच वर्षी श्रीमती गांधी चिकमगळूरच्या पोटनिवडणुकीत विजयी झाल्या. परंतु डिसेंबरमध्ये विशेषाधिकार भंगावरून सभागृहाने त्यांचे सदस्यत्व रद्द केले.

जुलै १९७९ मध्ये विरोधी पक्षनेतेपद पुन्हा यशवंतरावांकडे आले व त्यांनी अविश्वासाचा ठराव मांडला. जनता पक्षातून सदस्य बाहेर पडू लागले. ठरावावर मतदान होण्यापूर्वीच, १५ जुलै रोजी, मोरारजीभाईंनी राजीनामा सादर केला. राष्ट्रपतींनी प्रथम यशवंतरावांना सरकार बनविण्यास पाचारण केले. ते त्यांना शक्य झाले नाही. २८ जुलै रोजी चरणसिंग पंतप्रधान झाले आणि यशवंतराव उपपंतप्रधान. काही आठवड्यांपूर्वी विरोधी बाकांवरून सरकारवर अविश्वास दर्शविणारे नेते आता सरकारात होते आणि विरोधी पक्षनेतेपद जगजीवनराम यांच्याकडे गेले.

नव्या सरकारने ऑगस्टमध्ये विश्वासमत घ्यावे, असे ठरले होते. तथापि इंदिरा काँग्रेसने पाठिंबा काढून घेतला आणि २० ऑगस्ट रोजी सभागृहाला सामोरे न जाताच चरणसिंगांनी राजीनामा दिला. जगजीवनराम यांनी सरकार बनविण्याचा दावा केला होता. राष्ट्रपतींनी तो न स्वीकारता २२ ऑगस्ट रोजी लोकसभा विसर्जित केली. चरणसिंगांचे सरकार काळजीवाहू म्हणून १४ जानेवारी १९८० पर्यंत राहिले. सभागृहाचे आयुष्य अडीच वर्षेही भरले नाही. पंतप्रधानपदी असताना संसदेला एकदाही सामोरे न गेलेले चरणसिंग हे एकमेव पंतप्रधान होत.

यातून काय शिकावे

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना ही गोष्ट चटकन उमजेल. सरपंचावर अविश्वासाचा ठराव आला की मते सभेत मोजली जातात. कोणाच्या ओसरीवर केलेली मोजदाद ग्राह्य धरली जात नाही. १९७९ च्या पावसाळ्यात दोन सरकारे गेली. परंतु दोन्ही वेळा लोकसभेला आपले मत नोंदविण्याची संधीच मिळाली नाही. याद्या तयार झाल्या, दावे झाले, भेटीगाठी झाल्या. ज्या सभागृहाला हा निर्णय करावयाचा, ते मात्र मतदानाविनाच विसर्जित झाले. मतदारांनी पाठविलेल्या ५४२ प्रतिनिधींचा खरा अधिकार तेथे वापरलाच गेला नाही.

देशाने यापासून काही धडे घेतले. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास पायबंद घातला. एकतृतीयांश सदस्य फुटल्यास मिळणारी सूट २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने काढून टाकली. १९९४ साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, सरकारच्या बहुमताची कसोटी सभागृहातच लागली पाहिजे, असे स्पष्ट केले. १७ एप्रिल १९९९ रोजी अटलबिहारी वाजपेयी यांचे सरकार लोकसभेत २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडले. निर्णय कोणास रुचला, कोणास रुचला नाही. पण तो सभागृहाने, सर्वांसमक्ष आणि मते मोजून दिला होता.

शिक्षकांनी मुलांना लोकसभेची मुदत शिकविताना ही दोन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवावीत. मतदाराचे मत मतपेटीत पडले म्हणजे त्याचे काम संपत नाही. ते त्याच्या प्रतिनिधीबरोबर सभागृहात जाते आणि तेथे ज्या दिवशी मोजणी होते, त्या दिवशी पुन्हा उपयोगास येते. तशी मोजणी झाली की नाही, आणि आपल्या प्रतिनिधीने कोणत्या बाजूने मत दिले, याची विचारपूस करणे हा मतदाराचा हक्क आहे व कर्तव्यही आहे.