संसाराचे साक्षीदार

सिल्वासाहून खानवेलकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दमणगंगेच्या काठी, राखोली हे गाव आहे. भातशेती आणि वारली, धोडिया, कोकणा आदी आदिवासींचे पाडे ही त्याची जुनी ओळख होय. आज तेथील दिवस कारखान्याच्या पाळ्यांवर मोजला जातो. २०११ च्या जनगणनेत राखोलीची गणना नगरांत झाली. गावाचे नगर झाले की रस्ते येतात, दिवे येतात, हे सर्वांस दिसते. परंतु त्याबरोबर संसाराचे साक्षीदारही बदलतात, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

प्रथम जुनी रीत पाहू. वारली समाजात लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे एक सवाशीण. भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात, त्यात पालघट देवीची स्थापना होते, आणि धवलेरीच्या गाण्यांत विवाह लागतो. वरपक्ष वधूच्या बापास देज देतो. ही चाल हुंड्याच्या अगदी उलट होय. खर्चाची ऐपत नसेल तर जोडपे तसेच एकत्र नांदू लागते व पुढे सवडीने लग्न करते. आईबापांचे आणि मुलाचे लग्न एकाच मांडवात लागल्याचीही उदाहरणे आहेत. समाज त्यास नावे ठेवीत नाही, कारण कोण कोणाच्या घरी नांदते हे साऱ्या पाड्यास ठाऊक असते.

संसार मोडला तरी तो चोरून मोडत नसे. पंच बसत, दोन्ही बाजू ऐकत, देज परत करण्याचा निवाडा होई. स्त्रीस दुसरे घर करण्याची मोकळीक असे. अनेक प्रतिष्ठित घराण्यांत विधवेलाही पुनर्विवाह नाकारला जात होता, त्या काळात या पाड्यांवर ही मोकळीक होती, हे विसरून चालणार नाही.

अर्थात जुने ते सारे सोने नव्हे. पंचांत स्त्रीला स्थान क्वचितच. शेजारच्या ठाणे जिल्ह्यात तर लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात ती करुण कहाणी नोंदविली आहे.

२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगीज अंमलातून मुक्त झाले आणि १९६१ साली हा प्रदेश भारतात विलीन झाला. पुढे करसवलतींमुळे कारखाने आले आणि त्यांच्यामागून दूरदूरच्या प्रांतांतील तरुण आले. १९७१ साली दादरा व नगर हवेलीत दर हजार पुरुषांमागे १००७ स्त्रिया होत्या. २०११ साली त्या ७७४ उरल्या. घरदार मागे ठेवून आलेल्या एकट्या पुरुषांची ही वस्ती आहे. पाड्यावरची मुलगीही आता कारखान्यात जाते, स्वतः मिळवते, स्वतः जोडीदार निवडते. यात वाईट काही नाही. परंतु तिचा जोडीदार परप्रांतीचा असला, दोघे भाड्याच्या खोलीत राहिले, आणि एके दिवशी तो गावी जाऊन परतलाच नाही, तर पंचांनी बोलवायचे कोणाला? त्याच्या गावी दुसरी बायको आहे की नाही, हे सांगायचे कोणी? अपघातात तो दगावला, तर भरपाई व भविष्यनिर्वाह निधी मागताना ही त्याची पत्नी, असे सिद्ध करायचे कशाने?

येथे कायद्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांच्या रूढींचा मान राखण्यासाठी ही तरतूद आहे. परंतु रूढी न्यायालयात सिद्ध करावी लागते. २००१ साली एका आदिवासी पत्नीची, पतीने दुसरे लग्न केल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. दुसरे लग्न रद्द ठरविणारी रूढी आपल्या समाजात आहे, हे तिला दाखविता आले नाही. पाड्याला जे ठाऊक असते, ते न्यायासनाला पुराव्याने कळावे लागते.

गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेमुळे विवाहाची सरकारी नोंद ही जुनी सवय झाली आहे. राखोलीसारख्या गावांतही ती रुजविता येईल. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यान्वये, आधी रीतीप्रमाणे लागलेल्या लग्नाचीही पुढे नोंद करता येते. मात्र दोघांचे वय एकवीस पूर्ण हवे व दोघांपैकी कोणाचाही दुसरा विवाह कायम नसावा. त्यासाठी धवलेरीची गाणी सोडावी लागत नाहीत, की चौक पुसावा लागत नाही.

नोंदीचा कागद नवराबायकोत प्रेम निर्माण करू शकत नाही, हे खरे. प्रेम आटले तर तो त्यांना बांधूनही ठेवू शकत नाही. तो फक्त साक्ष देतो. एके काळी ही साक्ष सारा पाडा देत असे. कारखान्याच्या चाळीत तसा पाडा नाही. म्हणून गावच्या वडीलधाऱ्यांनी, शिक्षकांनी व ग्रामपंचायतींनी नव्या जोडप्यास आशीर्वाद देतानाच नोंदणी कचेरीची वाटही दाखवावी. मुलीची पाठवणी करताना तिच्या पदरात बांधून द्यावी अशी आज याहून मोलाची वस्तू नाही.