एका भांड्याचें जेवण

(रौप्यमहोत्सवी वर्षांत धर्मग्रामाच्या महिला मंडळापुढें केलेलें भाषण)

प्रिय भगिनींनो, आणि मागें दाराशीं उभ्या असलेल्या बंधूंनो,

महोत्सवाच्या वर्षांत धर्मगुरूनें स्वयंपाकावर बोलावें हें कित्येकांस विचित्र वाटेल. या शास्त्रांत आमचा अधिकार अल्पच आहे. सेमिनरींत आम्हांस तत्त्वज्ञान शिकविलें, ईश्वरविज्ञान शिकविलें. डाळ शिजविण्यास मात्र कोणी शिकविलें नाहीं. ती विद्या आम्हीं पुढें एकटे राहत असतांना करपलेल्या पातेल्यांपासून संपादन केली. तरीहि आज बोलणें प्राप्त आहे, कारण एक जुनें ऋण आमच्या मनावर आहे.

सन २०१६ चा उन्हाळा लातूरकरांस वर्णन करून सांगावयास नको. पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदी पुकारावी लागली होती. आणि १२ एप्रिल रोजीं दहा डब्यांची पहिली आगगाडी सुमारें पांच लाख लिटर पाणी घेऊन मिरजेहून लातुरांत आली. त्याच दिवसांत आम्ही एका घरीं आशीर्वाद देण्यास गेलों. घरधनी हमालीस जाई, माउली चार घरचीं धुणींभांडीं करी. फादर येणार म्हणून तिनें वरण, भात, पोळ्या, दोन भाज्या आणि शेवयांची खीर असा थाट मांडला होता. आम्ही तृप्त होऊन जेवलों व मोठ्या तोंडानें प्रशंसाहि केली. हात धुण्यास मोरीकडे गेलों, तों तेथें खरकट्या भांड्यांची रास, आणि शेजारीं घागरीच्या तळाशीं वीतभर पाणी! टँकर पुन्हां केव्हां येईल याचा नेम नव्हता. तिनें त्यांतलेंच तांब्याभर पाणी आमच्या हातांवर ओतलें आणि म्हणाली, "राखीनं घासून फडक्यानं पुसून घेते की, फादर."

खिचडी कां नाहीं केली, असें आम्हीं विचारलें. "फादरला नुसती खिचडी वाढली तर माणसं काय म्हणतील?"

हा प्रश्न आमच्या मनांतून आजतागायत गेलेला नाहीं. एका भांड्यांतल्या अन्नाची लाज आम्हां लोकांत आली कोठून? या भूमींत तर तें मानाचें अन्न आहे. मार्गशीर्षांतील वेळ अमावास्येस, जिला खेड्यापाड्यांत येळवस म्हणतात, लातूर शहरांतील रस्ते ओस पडतात आणि सारा लोक शेतांत जातो. तेथें मुख्य पदार्थ कोणता? भज्जी! तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे, वालाचे ओले दाणे, मेथी, कांद्याची पात, गाजर, बोरें, जें जें त्या दिवसांत रानांत मिळतें तें सारें एकाच पातेल्यांत शिजतें. चिंचेचा कोळ पडतो, आणि पाण्यांत कालविलेलें बेसन घातलें कीं तें एकजीव होतें. सोबतीस बाजरीचे उंडे आणि मडक्यांतली आंबील. शेजाऱ्यांच्या शेतांत आम्हीं ही भज्जी अनेकदां खाल्ली आहे, आणि तेथें वाढणाराच्या मुद्रेवर संकोच कधीं पाहिला नाहीं. नांदेडास सचखंड हुजूर साहिबच्या लंगरांत कोणी ऐपतदार येवो वा भिकारी येवो, एकाच कढईंतली डाळ एकाच पंक्तींत मिळते. आणि आपल्या पवित्र ग्रंथांत एलिशा संदेष्ट्यानें दुष्काळांत शिष्यांचा बिघडलेला हंडा पीठ टाकून सुधारला, ही कथा आपण जाणतांच. भज्जींत बेसन पडतांना आम्हांस तिची हटकून आठवण होते.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. दिवसभर कामावर जाऊन रात्रीं आठास चूल पेटविणाऱ्या घरास चकोल्यांसारखें अन्न नाहीं. कोणी त्यांस वरणफळें म्हणतात. पांच माणसांस एक वाटी तुरीची डाळ आणि दोन वाट्या कणीक पुरते. तुरीच्या डाळीसाठीं लातूरची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे, तेव्हां तिची निवड आम्हीं शिकवावी असें नाहीं. फोडणी निराळ्या कढईंत करण्याची चाल आहे. आम्ही ती आधींच कुकरांत करतों. तेल, मोहरी, जिरें, ठेंचलेला लसूण, हळद, तिखट, आणि त्यावरच डाळ व पाणी. सुगरणींस हें रुचणार नाहीं, परंतु एक कढई घासावयाची वाचते. चिंच, गूळ व मीठ डाळ मऊ होऊन घोटल्यावरच घालावें. चिंच आधीं पडली तर आंबटानें डाळ शिजण्यास उशीर लागतो. वरण आपणांस योग्य वाटतें त्याहून पुष्कळ पातळ ठेवावें, कारण कणीक पाणी पिते. कणकेंत मीठ, ओंवा व थोडें तेल घालून ती घट्ट मळावी, पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापावे, आणि वरणास खळखळून उकळी फुटल्यावर ते एकेक सोडावे. आम्हीं प्रथम ते घाईनें निवत्या वरणांत एकदम लोटले, आणि गोळ्याचा गोळाच काढून खाल्ला. दहा-बारा मिनिटांत चकोल्या शिजतात. कणकेच्या प्रथिनांत जें अंग उणें असतें तें डाळ भरून काढते, म्हणून हें अन्न गरिबाचें असलें तरी निःसत्त्व नाहीं.

जेथें पोळी लाटण्याचेंहि त्राण नसेल तेथें ज्वारीच्या कण्या. भरड ज्वारी घटकाभर भिजवावी, एकास चार वाट्या पाणी घ्यावें, मंद आंचेवर ढवळीत राहावें. बस्स. शिकवण्यांसाठीं लातुरांत खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या मुलांसहि हें शिकवावें. मुलांस, केवळ मुलींस नव्हे. दाराशीं उभे असलेले बंधु हंसत आहेत, पण हें त्यांनाच उद्देशून आहे.

पुढील महिन्यापासून आमच्या घरभेटी सुरू होत आहेत. या वर्षीं आम्ही ज्या घरीं जेवूं तेथें एकाच भांड्यांत शिजलेलें अन्न घेऊं. दुसरें पातेलें दिसलें तरी त्यास हात लावणार नाहीं, आणि कोणाच्या घरीं काय वाढलें याची चर्चा देवळाच्या पायऱ्यांवर होऊं नये, एवढी विनंति आहे. ज्या माउलीची गोष्ट आम्हीं सांगितली, तें कुटुंब पुढें कामासाठीं पुण्यास गेलें. तिच्या हातची खिचडी खावयाची राहूनच गेली.

लोणचें चालेल. आणि ज्या घरीं कण्या असतील, तेथें ताक मात्र असूं द्यावें.