तयार साचा आणि जाणता हात



ग्रंथालयाला साचा ही गोष्ट नवी नाही. तालिकेचे कार्ड हाच मुळी एक साचा होय. 1901 साली अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपली छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकत देण्यास आरंभ केला, आणि एका ठिकाणी केलेली नोंद दूरदूरच्या ग्रंथपालांना आयती मिळू लागली. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी लंडनमधील एका दुकानात मेकॅनो हे खेळणे पाहिले. मोजक्या पट्ट्या आणि चाके नटबोल्टांनी जोडून हवी ती आकृती उभी राहते; मग ग्रंथाचा विषयही सुट्या अंगांतून का जोडता येऊ नये? या विचाराला 1933 साली त्यांच्या कोलन वर्गीकरणात ग्रंथरूप लाभले.

संगणकाच्या पडद्यावरील आजच्या दृश्य आज्ञालेखनाची जातकुळी हीच आहे. त्यात एकेका कामाची एक चौकट असते. तिला नोड म्हणतात. या चौकटी रेघांनी जोडल्या की एकीचे फलित दुसरीच्या हाती जाते. 2013 सालची नोड-रेड आणि 2019 सालची एन-एट-एन या अशाच प्रणाली होत. नेहमी लागणारी जुळणी जपून ठेवली की ती झाली टेम्पलेट, म्हणजे तयार साचा. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटला आता साध्या भाषेत काम सांगावे. तो साचा निवडतो, चौकटी बदलतो आणि जुळणी चालवूनही दाखवतो.

सुट्या घटकांची अशी साखळी हैदराबादला अपरिचित नाही. येथील आयआयआयटी या संस्थेच्या नेतृत्वाखाली 11 संस्थांनी मिळून ‘संपर्क’ ही भारतीय भाषांची अनुवादप्रणाली उभारली. भाषांच्या 9 जोड्यांत हिंदी-मराठीचाही समावेश होता. शब्दाचे रूप ओळखणारा एक घटक, पदजाती ठरवणारा दुसरा, शब्दांचे गट पाडणारा तिसरा, अशी तिची रचना. या साखळीतून मिळणारा धडा मोलाचा आहे: पहिल्या कडीत झालेली चूक पुढच्या कड्या निमूटपणे वाहून नेतात.

आता जुन्या मराठी ग्रंथांची संगणकीय तालिका करण्याचे काम घ्यावे. साचा सोपा दिसतो: शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र घ्यावे, अक्षरे ओळखावीत, भाषा ठरवावी, नोंद भरावी आणि तालिकेत घालावी. पण तो ज्याने घडवला, त्याच्या डोळ्यांपुढे हिंदी पुस्तके आणि इसवी सन असतील तर? लिपी देवनागरी म्हणून भाषा हिंदी ठरेल. मग ‘शिक्षा’ या विषयावरील मराठी ग्रंथ दंडशास्त्राऐवजी शिक्षणाच्या कपाटात जाईल आणि ‘संसार’ घरात न राहता जगभर पसरेल.

सनांची गोष्ट याहून गंभीर आहे. ग्रंथावर शके 1844 छापलेले असेल, तर तो इसवी सन 1922-23 चा. निजामाच्या राज्यात सरकारी व्यवहार फसली सनाने चालत असे. त्याच सुमारास फसली 1332 चालू होते. हे आकडे इसवी सन समजून नोंदले, तर पहिला ग्रंथ 78 वर्षांनी मागे जाईल. दुसऱ्याच्या नशिबी तर युरोपात छापखाना निघण्याच्याही आधी छापले जाण्याचा मान येईल! माणूस अशा नोंदीला हसेल आणि पुस्तक पुन्हा उघडून पाहील. यंत्राला सांगितल्यावाचून ते हसू येत नाही, आणि ते रात्रभर न थकता तीच चूक करीत राहते. चुकीच्या कप्प्यात नोंदलेले पुस्तक वाचकाच्या लेखी हरवलेलेच असते.

म्हणून साचा टाकून द्यावा असे नव्हे. मनुष्यबळ तोकडे असलेल्या संस्थेने आयते साधन नाकारणे शहाणपणाचे ठरणार नाही. मात्र त्याला तीन गोष्टींची जोड हवी. पहिली, शके आणि फसली ओळखून दोन्ही सन शेजारी लिहिणारी स्वतंत्र चौकट. दुसरी, मुद्दाम निवडलेल्या पंचवीस-तीस अवघड ग्रंथांवर साच्याची परीक्षा. त्यात उतरेपर्यंत बाकीच्या कपाटांना त्याने हात लावू नये. तिसरी, नोंद तालिकेत जाण्यापूर्वी थांबण्याची चौकट. तेथे ग्रंथपालाची किंवा जाणत्या सभासदाची संमती मिळाल्याखेरीज पुढची वाट उघडू नये. सगळ्या नोंदी तपासणे अशक्य असेल, तर निदान संशयास्पद सन, भाषा आणि लेखकनाम यांच्या नोंदी तरी अडवाव्यात. दाखल नोंदवही आणि जुनी कार्डेही जपून ठेवावीत. यंत्राची साक्ष पडताळायला दुसरा साक्षीदार तोच.

असा सुधारलेला साचा केवळ एका वास्तूत राहू नये. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयांपुढे याच अडचणी आहेत. त्यांनाही तो मुक्तपणे द्यावा. फसली सन वाचता येणारी आणि जुन्या ग्रंथांची ओळख असलेली ज्येष्ठ मंडळी दिवसेंदिवस विरळ होत आहेत. त्यांचे ज्ञान साच्यात उतरवण्याचा काळ हाच आहे. शताब्दीच्या वर्षी सभासदांनी आपल्या ग्रंथालयाला द्यावी अशी याहून चांगली देणगी क्वचितच असेल.